कोकणात उतरलेली जीप आणि घरची दुरुस्ती



ट्रॅक्टर आले, मोटारसायकली आल्या, बंद काचांच्या नव्या गाड्याही दारात उभ्या राहिल्या. तरी वडिलांच्या वेळची जीप अजून बऱ्याच वस्त्यांवर गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली सापडते. ऊसतोडीच्या दिवसांत फडावर जायला आणि पाटाच्या चिखलातून वाट काढायला तिच्यासारखे दुसरे वाहन नाही. तिची दुरुस्ती घरी किती करावी आणि गॅरेजवाल्याकडे कशासाठी जावे, असे सभासद आम्हांला वरचेवर विचारतात. त्याविषयी चार गोष्टी सविस्तर सांगतो.

बोलायचे आहे ते मुख्यतः सीजे थ्री बी या जुन्या उंच बॉनेटच्या जीपबद्दल. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. सीजे थ्री बी अमेरिकेत विलीजने १९५३ ते १९६८ या काळात काढली, आपल्याकडे ती पुढेही बरीच वर्षे निघत राहिली. हिच्या पेट्रोल इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात आणि बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावे लागले. पुढे प्यूजोचे डिझेल इंजिन बसलेल्या गाड्या आल्या. त्यांचे इंजिन निराळे, पण खालच्या अंगाची बरीच निगा तीच.

आता सरावलीची गोष्ट. आपल्याकडची काही मुले बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि जवळच सरावलीस बिऱ्हाड करून राहतात. अशाच एका सभासदांची जीप भाच्याने तिकडे नेली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असे घाट उतरून गाडी सुखरूप पोचली. आपल्याकडे वीस वर्षे तिच्या ब्रेकच्या नळ्यांना कोणी हात लावला नव्हता, लावायची गरजही पडली नव्हती. सरावलीत तीन पावसाळे झाले आणि एका सकाळी अंगणातच पेडल दाबले ते थेट फळीला टेकले. मागच्या अ‍ॅक्सलवरची लोखंडी नळी चिखलाच्या पापुद्र्याखाली गंजून फुटली होती. अंगणात झाले म्हणून ठीक. हेच मोखाड्याच्या उतारावर झाले असते तर काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आम्ही ती गाडी आडवे होऊन खालून पाहिली. वरून रंग चकचकीत, इंजिन घड्याळासारखे, प्लग नवे, कार्बोरेटर धुतलेला. घरी दुरुस्ती करणाऱ्या बहुतेकांचे असेच होते. इंजिन डोळ्यांसमोर असते आणि त्याचा आवाज ऐकू येतो, म्हणून हात तिकडेच जातो. पण इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते. ब्रेक गेला तर गाडी उभी राहत नाही. म्हणून जुन्या जीपची निगा खालून वर करत यावी. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग चासी आणि पाटे, सगळ्यांत शेवटी इंजिन.

या जुन्या गाडीत ब्रेकचे सर्किट एकच असते. आजच्या गाडीत पुढच्या-मागच्या किंवा तिरप्या चाकांच्या दोन वेगळ्या वाटा असतात, एक फुटली तर दुसरी धरते. इथे एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. शिवाय मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली चासीला लावलेला असतो. बॉनेट उघडून तो दिसत नाही, त्यामुळे ब्रेक ऑइलची पातळी पाहायची राहून जाते.

परीक्षा सोपी आहे. गाडी उभी असताना पेडल दाबून अर्धा मिनिट तसेच धरावे. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा रबरी कप झिजला आहे. पेडल स्पंजासारखे लागले तर आत हवा आहे. पहिल्यांदा खोल जाऊन दोन-तीन वेळा मारल्यावर वर येत असेल तर ड्रमचे शू घट्ट करायला झाले आहेत. आणि ब्रेक सोडल्यावरही एखादे चाक धरून राहते, ड्रम हाताला चटका देतो, असे असेल तर त्या चाकाचा रबरी होज आतून फुगलेला असण्याचा संभव आहे. बाहेरून तो अगदी चांगला दिसतो, म्हणून फसगत होते.

हवा काढायला दोन माणसे लागतात. सरावलीत मामा खाली आणि भाचा पेडलवर होता. "मामा, दाबू?" "दाब... धर तसंच... सोडू नको अजून, निपल आवळू दे." एवढेच तंत्र आहे, निपल आवळल्याशिवाय पेडल सोडायचे नाही. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी आणि मधूनमधून वरचे ऑइल भरत राहावे. बाटलीत निघालेले ऑइल परत ओतू नये. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. असे पाणी धरलेले ऑइल लांब उतारावर तापले की त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडते. कोकणच्या दमट हवेत दोन वर्षांनी ते सगळे बदलावे. आणि ब्रेकच्या भांड्यात इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल थेंबभरही जाऊ देऊ नये. रबरी कप फुगून सगळी ब्रेकची यंत्रणा निकामी होते.

फुटलेली नळी मात्र घरी जोडू नये. तांब्याची नळी डाग देऊन बसवून देणारे भेटतात. आमच्या मते तो पैसा वाचवणे नव्हे. पोलादी नळी, टोकाला दुहेरी फ्लेअर केलेली, चांगल्या फिटरकडून करून घ्यावी. जुना गिअर, बॉनेट, टपाचा सांगाडा कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून खुशाल आणावा. होज, कप आणि ब्रेकचे शू मात्र नवेच घ्यावेत.

आता जॅकविषयी. हा भाग आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण चांगले हुशार लोकही इथे चुकतात. सीजे थ्री बीचा हँडब्रेक चाकांच्या ड्रमवर नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे तो शाफ्ट धरतो, चाक नव्हे. दोन्ही मागची चाके जमिनीवर असतील तोवर गाडी पक्की उभी राहते. पण मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक पुढे सरकते. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतो, गाडी गिअरमध्येही असते, तरी ती जॅकवरून घसरते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी स्टँड नसेल तर बाभळीचे जाड ठोकळे आडवे-उभे रचावेत. विटा नकोत, त्या इशारा न देता फुटतात.

चाक काढताना आणखी एक. विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. पान्यावर उभे राहून जोर करणाऱ्यांनी किती स्टड तोडले असतील, त्याची गणती नाही.

पुढचे चाक उचलले की वर आणि खाली धरून हलवून बघावे. खडखड लागली तर बेअरिंग किंवा किंगपिन सैल आहे. डावी-उजवीकडे हलवून टायरॉडच्या टोकांची परीक्षा होते. वेगात स्टिअरिंग थरथरते, त्याचे मूळ पुष्कळदा इथेच असते. गॅरेजवाला आधी चाकांचे बॅलन्सिंग करा म्हणतो. करावे, पण हे बघून झाल्यावर.

आपल्याकडे जीपचा शत्रू धूळ आणि काळी माती. ऑइलबाथचा एअर क्लीनर असेल तर त्यातले ऑइल वेळेवर बदलले की निम्मे काम झाले. सरावलीस समुद्र जवळ, हवा खारी, आणि चार महिने ओल. तिथे गंज आतून येतो. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीत आणि बॉडीखालच्या पन्हळीत चिखल साचतो आणि ओल धरून ठेवतो. दर पंधरा दिवसांनी खालून गोड्या पाण्याने धुवावी, पाणी निचरायची भोके तारेने मोकळी करावीत. बारक्या हातोडीने ठोकत जावे. 'टण्' वाजले तर पत्रा शाबूत, 'थप्' वाजले तर आत पोकळ. जळके ऑइल खालून फवारायची जुनी पद्धत आहे. पत्र्याला त्याने आधार मिळतो हे खरे, पण होज आणि रबरी बुश खराब होतात आणि ते ऑइल शेवटी अंगणातल्या विहिरीकडेच जाते. त्यापेक्षा गंज घासून प्राइमर आणि चासीचा काळा रंग बरा.

पत्रा कुजला असेल तर वेल्डिंग आलेच. इथे विसरू नका, या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. टाकी रिकामी केली म्हणजे भीती गेली असे नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त घातक. टाकी पूर्ण काढून लांब ठेवावी, बॅटरीची वायर सोडावी, मगच वेल्डरला बोलवावे.

ओढ्यातून गाडी काढली असेल तर बाहेर आल्यावर थोडे अंतर पेडल हलके दाबून चालवावे, म्हणजे ड्रम वाळतात. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सलचे ऑइल बघावे. ताकासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे, ते लगेच बदलावे.

इंजिनाचे थोडक्यात: पेट्रोल इंजिनाला पॉइंट २० थाऊ, प्लग ३० थाऊ, टॅपेट थंड इंजिनावर आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला १८ आणि बाहेर टाकणाऱ्याला १६ थाऊ.

शेवटी कागदांचे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे गाडी तपासून ५-५ वर्षांसाठी वाढते. त्यासाठीचा नमुना २५ चा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. गाळप हंगामात मुदत संपत असेल तर तारीख आधीच बघून ठेवावी, कारण त्या दिवसांत कोणाला फुरसत नसते. मालकाने बिऱ्हाड हलवून गाडीसह तिकडेच मुक्काम केला तर नव्या पत्त्याची सूचना ३० दिवसांत आर.टी.ओ.कडे द्यावी लागते.