झिजलेल्या पात्याचे मोजमाप

अलास्काच्या नैर्ऋत्येला, बेरिंग समुद्राच्या काठी क्विनहागॅक हे युपिक लोकांचे गाव असून त्याच्याजवळच नुनालेक ही सोळाव्या-सतराव्या शतकांतील वस्ती आहे. त्या काळी तेथे लेखन नव्हते, म्हणून अभ्यासक तिला प्रागैतिहासिक म्हणतात. परंतु गावाच्या मौखिक परंपरेत धनुष्यबाणांच्या युद्धांच्या कथा टिकून आहेत आणि उत्खननात सापडलेले जळालेले घर त्यांना बळ देते. स्कॉटलंडमधील अबर्डीन विद्यापीठाने गावकऱ्यांच्या साथीने २००९ पासून हे उत्खनन केले. कायम गोठलेल्या जमिनीत लाकूड आणि गवतही कुजत नाही, त्यामुळे येथे दगडी हत्यारांइतकीच लाकडी कामाचीही माहिती मिळते.

येथील उलुआक म्हणजे अर्धचंद्राकृती पात्याचा, लाकडी मुठीचा चाकू होय. आपल्याकडे विळीचे पाते स्थिर राहते आणि भाजी हलते, तर येथे मासा स्थिर राहतो आणि पाते फिरते. हे पाते पाटीच्या दगडाचे, घासून धार लावलेले असते आणि प्रत्येक धारेगणिक थोडे झिजते. किती झिजले, हे मोजण्यासाठी त्रिमितीय स्कॅन उपयोगी पडतो. स्कॅनर दगडावर प्रकाशाच्या पट्ट्या टाकतो, पृष्ठभागाच्या उंचसखलपणानुसार त्या वाकतात, त्या वाकण्यावरून संगणक असंख्य बिंदूंची जागा ठरवतो आणि ते बिंदू त्रिकोणांनी जोडून पृष्ठभाग उभा करतो. मग धारेचा कोन, घनफळ आणि कोणत्याही ठिकाणचा छेद मूळ वस्तूला न शिवता मोजता येतो. मंद पृष्ठभागाची पाटी या कामाला सोयीची असते. गारगोटीसारख्या चकचकीत, किंचित पारदर्शक दगडात मात्र प्रकाश शिरतो आणि बिंदू चुकतात.

हे काम तातडीचे आहे, कारण जमीन वितळत आहे आणि समुद्र किनारा खात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हॅलाँग वादळाच्या अवशेषांनी नुनालेकचा मोठा भाग वाहून नेला आणि कित्येक वस्तू किनाऱ्यावर विखुरल्या. वस्तू हरवली, तरी स्कॅन असल्यास तिचा आकार तरी उरतो. याच तंत्राच्या आधारे क्विनहागॅकच्या मुलांसाठी एक डिजिटल शैक्षणिक साधनही गावाच्या सहभागाने तयार झाले.

तरीही वापराने धारेवर चढलेली सूक्ष्म चकाकी अशा स्कॅनमध्ये उतरत नाही. त्यासाठी मूळ पाते सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागते, आणि नुनालेकच्या वस्तू परदेशी कोठारात नव्हे, तर २०१८ मध्ये क्विनहागॅकमध्ये उघडलेल्या संग्रहालयात, त्या घडवणाऱ्यांच्या वंशजांजवळ ठेवलेल्या आहेत.