भरतीचे वय सरल्यावर

उशिरा सुरू केलेला खेळही शरीराला पावतो, आणि तो थोडाथोडका पावत नाही. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३ लाख १५ हजारांहून अधिक लोकांकडून त्यांच्या कुमारवयापासूनच्या व्यायामाचा हिशेब घेतला होता आणि पुढे कोण किती जगले ते पाहिले होते. जे आयुष्यभर खेळत-पळत राहिले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कधीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा २९ ते ३६ टक्क्यांनी कमी निघाले. हे अपेक्षितच होते. नवल पुढे आहे. तरुणपणी फारसे काही न करता चाळिशी ते साठीच्या दरम्यान व्यायामाला लागलेल्यांमध्येही हे प्रमाण ३२ ते ३५ टक्क्यांनी कमी होते. असा अभ्यास लोकांच्या आठवणीवर बेतलेला असतो आणि मुळात धडधाकट माणसेच व्यायामाला लागतात, ही शंका रास्त आहे. म्हणून एवढ्या एका आकडेवारीवर विसंबता येत नाही. पण प्रत्यक्ष शरीरावर मोजमाप करून केलेले प्रयोगही जवळपास तेच सांगतात.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण इथे धावणे भरतीशी जोडले गेले आहे. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरे पळताना दिसली की ती पोलीस भरतीची, हे कुणाला विचारावे लागत नाही. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच असल्याने ते स्वप्न रोज डोळ्यांसमोर असते. खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षे ही वयोमर्यादा उलटली की बूट कोपऱ्यात जातात. त्याआधी शाळेतली कबड्डी, खो-खो, जत्रेतली कुस्ती. त्यानंतर बहुतेकांच्या वाट्याला काहीच नाही. पन्नाशीचा माणूस हाफ पँट घालून मैदानावर उतरला, तर ‘आता काय भरती व्हायचंय का?’ हा प्रश्न ठरलेला.

दुसरा प्रश्न जास्त वजनदार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात, आणि त्यातले दर शंभरातले सुमारे पंच्याऐंशी लोक खेड्यात राहणारे. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, खुरपणी, मग हळदीची काढणी आणि शिजवणी. एवढे राबणाऱ्या माणसाला वेगळा खेळ कशाला हवा? याचे उत्तर श्रम आणि खेळ यांच्या घडणीत आहे. रानातले काम आठ-आठ तास चालते, पण त्याची धाप मंद असते. हृदयाला ते जोराने पळवत नाही आणि विसावाही देत नाही. खुरपणारी बाई दिवसभर एकाच मुद्रेत वाकलेली असते. गुडघे आणि कंबर यांच्यावर भार येतो, पण खांदा डोक्यावर उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे, झटकन दिशा बदलणे या हालचाली तिच्या वाट्याला फारशा येत नाहीत. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी याच फरकाकडे लक्ष वेधले आहे: फुरसतीतला व्यायाम हृदयाला जेवढा लाभतो, तेवढे पोटासाठीचे कष्ट लाभत नाहीत, उलट अति जड काम वर्षानुवर्षे केल्यास त्रासच होतो. या निष्कर्षावर वाद आहेत, कारण कष्टकऱ्यांच्या गरिबीचा आणि आहाराचा परिणाम त्यातून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. तरी एवढे म्हणता येते, की राबणे हा खेळाला पर्याय नाही. शिवाय ट्रॅक्टर, मळणी यंत्र आणि मोटारसायकल आल्यापासून पुरुषांचे राबणे पूर्वीइतके राहिलेलेही नाही. बायकांचे मात्र फारसे कमी झालेले नाही.

हृदयाचे काय होते, हे सर्वांत स्पष्ट दाखवणारा प्रयोग अमेरिकेतल्या डॅलस शहरात झाला. १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातच पडून राहायला लावले आणि त्यांची दमशक्ती, म्हणजे जोरात धावताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे मोजले. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमशक्ती जेवढी घटवली होती, त्यापेक्षा तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जास्त घटवली होती. मग त्यांना सहा महिने चालणे, पळणे, सायकल असा हळूहळू वाढवलेला सराव दिला, आणि वयामुळे गेलेली दमशक्ती त्यांनी परत मिळवली. पाच माणसे म्हणजे फार नव्हेत. पण त्याच शहरातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये ४५ ते ६४ वयाच्या, बैठे काम करणाऱ्या ५३ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या ज्यांनी दोन वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस सराव केला त्यांची दमशक्ती १८ टक्क्यांनी वाढली आणि हृदयाचा ताठरपणा सुमारे एक चतुर्थांशाने उतरला. पासष्टी ओलांडल्यावर सुरुवात करणाऱ्यांच्या हृदयाचा ताठरपणा मात्र असा उतरत नाही, हे त्याच गटाने आधी पाहिले होते. उशीर चालतो, पण हृदयाच्या बाबतीत चाळिशी-पन्नाशीतला उशीर सत्तरीतल्या उशिरापेक्षा बरा.

स्नायूंना असली मुदत नाही. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. त्याचा अहवाल १९९० मध्ये आला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे पावणेतीनपट झाली होती. वयाबरोबर स्नायू झडतात ते काही प्रमाणात वयाने, पण बरेचसे न वापरल्याने. याचा अर्थ घरातल्या आजीच्या दृष्टीने साधा आहे: जमिनीवरून हात न टेकता उठता येणे, पाण्याची कळशी उचलता येणे, न्हाणीघरात पाय सटकला तर सावरता येणे. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे फिरणे कायमचे थांबते, म्हणून हाडाच्या मजबुतीइतकाच तोलही महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या सर्वांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते आणि त्याबरोबर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली. नुसत्या सकाळच्या फेरफटक्यातून ही दुसरी अट पुरी होत नाही.

मधुमेहाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले आहे, की भारतीय माणूस वजनाला हलका दिसला तरी त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. काडीसारखे हातपाय आणि सुटलेले पोट. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. त्यामुळे स्नायू वाढवणारा आणि वापरणारा कोणताही खेळ इथे औषधाला जोड देतो.

कोणता खेळ, याबद्दल कोपनहेगनमधला २०१८ चा अभ्यास बराच चर्चेत आला. साडेआठ हजार लोकांवर सुमारे पंचवीस वर्षे लक्ष ठेवल्यावर टेनिस खेळणारे बैठ्या लोकांपेक्षा ९.७ वर्षे, बॅडमिंटन खेळणारे ६.२ वर्षे, सायकल चालवणारे ३.७ आणि धावणारे ३.२ वर्षे जास्त जगलेले दिसले. व्यायामशाळेत जाणाऱ्यांची वाढ जेमतेम दीड वर्ष. टेनिस खेळणारा डॅनिश माणूस पैशाने आणि शिक्षणाने वरचा असतो, हे ध्यानात घेऊनही एक गोष्ट उरते: वर आलेले खेळ एकट्याने खेळायचे नाहीत. समोरचा माणूस लागतो, त्याच्याशी चेष्टामस्करी होते, आणि एक दिवस दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते. निवृत्त शिक्षक, कारकून, बँकेतला माणूस यांच्या आयुष्यातून नोकरीबरोबर नेमके हेच जाते. हिंगोली, वसमत, कळमनुरी या गावांत टेनिस कोर्टाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. दोन बांबू आणि जाळी एवढ्यावर व्हॉलीबॉल होतो. बॅडमिंटनला सपाट अंगण आणि वारा पडलेली सकाळ पुरते.

गुडघ्याची भीती सर्वांत जास्त दाखवली जाते. पळाल्याने गुडघे झिजतात, असे घराघरात सांगतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याच्या वा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के होते आणि न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक, व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांत ते १३.३ टक्के होते. म्हणजे भीती अगदीच निराधार नाही, फक्त ती चुकीच्या माणसाला घातली जाते. ज्याचा गुडघा आधीच दुखतो, त्यालाही मांडीचे स्नायू बळकट करण्याचाच सल्ला दिला जातो.

महाराष्ट्रात उशिरा मैदानात उतरलेल्यांमध्ये सर्वांत गाजलेले नाव लता भगवान करे यांचे. कुटुंब मूळचे बुलडाणा जिल्ह्यातले, मजुरीसाठी बारामतीकडे आलेले. पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावरच्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केले आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्या चित्रपटाची विशेष दखल घेतली गेली. ही कथा सांगताना एक गोष्ट सहसा निसटते: शर्यतीला त्या नवख्या होत्या, त्यांचे पाय नवखे नव्हते. खुर्चीत तीस वर्षे काढलेल्याने त्यांचे अनुकरण पहिल्याच दिवशी करू नये.

अशा खुर्चीतल्या माणसाच्या उपयोगाचे उदाहरण शंभर वर्षे जुने आहे. सातारा भागातल्या औंध संस्थानचे (हिंगोलीतल्या औंढ्याशी याचा संबंध नाही) राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार नेटाने धरले ते चाळिशीच्या सुमारास. त्याआधी ते युजीन सँडो या व्यायामपटूच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे नमस्कार त्यांनी संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले, त्यांचा देशभर प्रचार केला आणि १९५१ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले.

जिल्ह्यात वयस्कांच्या पायांना दमाची उणीव नाही, हे आषाढ दरवर्षी दाखवतो. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नरसी नामदेव, औंढा नागनाथ असा जिल्हा ओलांडून पंढरपूरला जाते आणि तिच्याबरोबर साठी-सत्तरीतले वारकरी महिनाभर चालतात. फोड आले की सुईदोरा ओवून पाणी काढतात आणि पुढे चालू पडतात. वारीचा दोष एवढाच, की ती वर्षातून एकदाच येते. घरी परतल्यावर ती कमाई दोन-तीन महिन्यांत विरून जाते.

सुरुवात करायला इथे कार्तिक बरा. सोंगणी उरकलेली असते, थंडी पडू लागते आणि हळदीच्या काढणीला अजून वेळ असतो. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांपुढे जातो तेव्हा नवशिक्याने भर उन्हात धावायला लागणे हे उष्माघाताला आमंत्रण. पहिला महिना नुसते झपझप चालणे. वेग असा, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. मग दोन मिनिटे चालणे, एक मिनिट हळू पळणे. याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठबस, आणि भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल. तिसऱ्या महिन्यात रॅकेट हातात घ्यावी. हा क्रम पाळला नाही तर काय होते, हे बॅडमिंटनच्या कोर्टवर दिसते: पन्नाशीचा गडी पूर्वीच्या जोशात पुढे झेपावतो, टाचेमागे कुणी लाथ मारल्यासारखे वाटते, वळून पाहतो तर मागे कोणी नसते. टाचेमागची जाड शीर तुटलेली असते आणि पुढचे कित्येक महिने प्लास्टर, बूट आणि काठीत जातात. खेळाआधी दहा मिनिटे अंग गरम करणे ही तरुणांसाठी औपचारिकता असेल, पन्नाशीनंतर नाही.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने खिशात गूळ वा साखर ठेवावी. खेळताना हातपाय थरथरले, घाम फुटला तर ती लगेच तोंडात टाकावी. छातीत दाटले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर थांबावे आणि दवाखाना गाठावा. बायकांच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण बऱ्याचदा वैद्यकीय नसते. साडी, लोकांची नजर आणि सकाळचा स्वयंपाक या तीन गोष्टी आड येतात. बचत गटाच्या चार-पाच जणींनी एकत्र निघावे, हा त्यावरचा जुनाच पण चालणारा उपाय. एकटीला हसणारे गाव पाचजणींना हसत नाही. पाळी गेल्यानंतर हाडे झपाट्याने विरळ होत असल्याने उड्या, जिने, वजन उचलणे अशा हाडांवर भार देणाऱ्या हालचालींचा फायदा त्यांना पुरुषांपेक्षा जास्त आहे.

ज्याला नुसत्या आरोग्यावर समाधान नाही, त्याला स्पर्धाही आहेत. ज्येष्ठांच्या मैदानी खेळांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये टोरांटोत झाली. वयोगट पस्तिशीपासून सुरू होतात आणि दर पाच वर्षांनी बदलतात, त्यामुळे ५९ व्या वर्षी आपल्या गटात सर्वांत म्हातारा असलेला माणूस साठावा वाढदिवस झाला की पुढच्या गटात सर्वांत तरुण ठरतो. धावपटू फौजा सिंग यांनी २००० साली लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन धावली, तेव्हा त्यांचे वय ८९ सांगितले जाई. भारतात राज्य पातळीवरच्या स्पर्धांतून राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होते. साहित्यही वयाप्रमाणे हलके होते: पुरुषांचा ७.२६ किलोचा गोळा पन्नाशीला ६ किलोचा, साठीला ५, सत्तरीला ४ आणि ऐंशीला ३ किलोचा होतो.