जुनी एस-क्लास: किंमत उतरते, खर्च नाही

मर्सिडीज-बेंझची १९९८ ते २००५ या काळातली 'डब्ल्यू २२०' पिढीची एस-क्लास आता मूळ किमतीच्या जेमतेम अंशात मिळते. सुट्या भागांचे दर मात्र बड्या गाडीचेच राहतात. तिची व्ही-६ आणि व्ही-८ पेट्रोल इंजिने दणकट आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असल्याने व्ही-८चे एकदम १६ बदलावे लागतात, एवढेच. खरे दुखणे 'एअरमॅटिक' या हवेवरच्या सस्पेन्शनचे. रबरी पिशवी जुनी होऊन चिरते, हवा झिरपते आणि रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. गळती भरून काढताना कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी जळतो. पिशवी वेळीच बदलली तर हा दुसरा भुर्दंड टळतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या विद्युत जोडणीचे सील गेले, की तेल वायरिंगमधून चढत थेट त्याच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. सील स्वस्त, युनिट महाग. चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा गंजतात. नव्या रंगाखाली तो गंज सहज दडतो. सर्व्हिसच्या पावत्या नसलेली गाडी कितीही चकचकीत असली, तरी घेऊ नये.