सीटी स्कॅनच्या पडद्यावरचा आकडा

घरातल्या माणसाला सीटी स्कॅनला आत नेलं की आपण बाहेर बाकावर बसून राहतो. आत काचेपलीकडे टेक्निशियन कॉम्प्युटरवर काम करत असतो. त्या कॉम्प्युटरचा पडदा कसा बनवला आहे, यावरही आपल्या माणसाची सुरक्षितता अवलंबून असते.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात फेब्रुवारी २००८ मध्ये मेंदूचा रक्तपुरवठा तपासणाऱ्या स्कॅनची पद्धत बदलली. यंत्रातल्या एका ठरीव सेटिंगबद्दल गैरसमज झाला आणि दोनशेहून अधिक पेशंटना हवे होते त्याच्या सुमारे आठपट किरण दिले गेले. हे १८ महिने चाललं. ऑगस्ट २००९ मध्ये एका पेशंटने केस गळाल्याची तक्रार केली, तेव्हा प्रकार उघड झाला.

इतके दिवस कळलं कसं नाही? किरण जास्त झाले म्हणून चित्र बिघडत नाही, उलट अधिक स्वच्छ येतं. टेक्निशियनची नजर चित्रावर असते. किरणांचा आकडा सीटीच्या पडद्यावर येतो, पण नुसता आकडा 'थांबा' म्हणत नाही.

सगळा दोष टेक्निशियनच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी बसून काम कसं चालतं ते टिपायला हवं. नाव-वय जुळवणं, बाईला गरोदरपणाबद्दल विचारणं, तपासणीचा प्रकार निवडणं, किरणांचा आकडा पाहणं, मग बटण. यात घाई कुठे होते, मध्येच फोन कधी वाजतो, सवयीने 'ओके' कुठे दाबलं जातं? जिथे चूक पेशंटला भोवते तिथेच पडद्याने अडवावं. पावलोपावली इशारे दिले तर कुणी वाचत नाही; मोबाइलवर आपणही तेच करतो.

२०१० मध्ये यंत्र बनवणाऱ्यांनी एक मानक आणलं. किरण ठरवलेल्या मर्यादेपुढे जाणार असतील, तर स्कॅनआधीच पडद्यावर सूचना येते. मात्र ती मर्यादा आधी कुणीतरी यंत्रात भरावी लागते. आपली जी मुलं-मुली एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करतात, त्यांनी कामावर लागताच हे विचारून घ्यावं.

या भीतीने डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन मात्र टाळू नका. जुने स्कॅन सोबत न्या. दिवस गेल्याची शंका असेल तर आधीच सांगा. आणि टेक्निशियनने नाव, वय दुसऱ्यांदा विचारलं तर वैतागू नका.