शिंकू ला : चार दिवसांची चढण, अर्ध्या दिवसाचा रस्ता

मनालीहून पहाटे निघालेली गाडी आता दुपारपर्यंत शिंकू लावर पोचते. उंची ५,०९१ मीटर. हिमाचलातलं लाहौल आणि लडाखमधलं झांस्कर यांच्या मधली ही खिंड. २०२० साली अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगची चढण वगळता येऊ लागली. मार्च २०२४ मध्ये या खिंडीवरून जाणारा निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेनं जोडला. मनाली आहे दोन हजार मीटरच्या आसपास. म्हणजे माणूस एका दिवसात, तेही बसल्या जागी, तीन हजार मीटर वर जातो. दारच्याहून पायी निघणाऱ्याला याच खिंडीपर्यंत तीन-चार दिवस लागत. हे दिवस वाया जात नसत. खिंड सुखरूप ओलांडता यायची ती त्यांच्याच जोरावर, आणि रस्ता झाल्यावर नेमका तेवढाच भाग आपण गाळून टाकला आहे.

झांस्करला चहूबाजूंनी खिंडींनी वेढलं आहे. वायव्येला पेन्झी ला, नैर्ऋत्येला पाडरकडे उतरणारी उमासी ला, दक्षिणेला शिंकू ला, उत्तरेकडे लिंगशेडच्या वाटेवर हनुमा ला आणि सिंगे ला. या खिंडींवर इथला संसार चालायचा. रुपशूच्या चांगपा मेंढपाळांकडून मीठ आणायचं, ते खिंडीपलीकडे नेऊन धान्य घ्यायचं. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की गोठलेल्या झांस्कर नदीवरून, ‘चादर’वरून, लोणी लेहच्या बाजारात जायचं. १८३५ च्या सुमारास जोरावरसिंगांच्या डोग्रा फौजेनं झांस्कर घेतलं, तेही खिंडी ओलांडूनच. त्याआधी १८२३ साली अलेक्झांडर चोमा द कोरोश हा हंगेरियन अभ्यासक झांगलाला येऊन राहिला. थंडीच्या दिवसांत एका चिमुकल्या, विस्तव नसलेल्या खोलीत बसून त्यानं लामा सांगे फुन्चोग यांच्याकडून तिबेटी ग्रंथ समजून घेतले. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. हा माणूस आपल्या देशातून निघून बहुतेक मजल पायीच मारत आशियात आला होता, हे मला त्याच्या कोशाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता खिंडीचा दिवस कसा असतो ते पाहू. दारचा ३,३६० मीटरवर, झांस्कर सुमदो सुमारे ३,९०० वर, रामजकचा तळ ४,३०० च्या आसपास. प्रत्येक मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा चार-पाचशे मीटर उंच. तळावरून निघायचं ते पहाटे तीन-चारला. रात्रीच्या गारठ्यानं बर्फ घट्ट असतो, पाऊल रुतत नाही. ओढ्यांनाही त्या वेळी पाणी कमी असतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळायला लागतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीला लागतो. खडी चढण आली की घोडेवाले दर थोड्या वेळानं थांबतात. जनावराचा तंग बोटं घालून तपासतात, ओझं एका बाजूला कललं असेल तर सारखं करतात आणि नाकपुड्यांकडे बघत उभे राहतात. फुरफुरणं संथ झाल्याशिवाय पुढे हाकत नाहीत. शहरातून आलेल्यांना ही थांबणी घोड्यांसाठी आहे असं वाटतं. माणसांचंही त्यातच भलं होत असतं. माथ्यावर दगडांची रास आणि पाचरंगी पताका. तिथे रेंगाळायचं नाही. निजायचं ते पलीकडे बरंच उतरून, लाखांगच्या बाजूला. पुढे गुम्बो रांगजोनचा एकसंध सुळका, मग कारग्याक गाव: धाब्याच्या घरांवर कडेनं रचलेल्या शेणी आणि चाऱ्याच्या पेंढ्या, भोवती सातूची शेतं. त्याखाली पुरने, आणि तिथून आत गेलं की गुहेच्या तोंडाशी कड्याला चिकटलेला फुगताल गोम्पा.

पाच हजार मीटरवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच राहतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्म्यावर येतो. शरीर खोल आणि भरभर श्वास घेऊ लागतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि श्वासाला पुन्हा लगाम बसतो. मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकल्यावरच हा लगाम सुटतो, आणि त्याला काही दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी याच कामाला हातभार लावते. चुकवलेले दिवस ती भरून देत नाही. म्हणून तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सल्ला आज डॉक्टर देतात. दारच्याहून जाणारा जुना रस्ता जवळजवळ याच हिशेबानं चढतो.

विरळ हवेनं होणारा हा विकार जुना आहे. सोळाव्या शतकात लडाखवर चालून आलेल्या मिर्झा हैदर दुघलातनं ‘दमगिरी’ या नावानं त्याचं वर्णन लिहून ठेवलं. तो परक्यांना होतो, इथल्यांना नाही, हेही त्यानं टिपलं. त्याचा सुलतान सईद खान याच आजारानं १५३३ मध्ये परतीच्या वाटेवर गेला. आपल्या काळात १९६२ च्या युद्धात सैनिकांना मैदानातून घाईनं उंचावर न्यावं लागलं, तेव्हा हे दुखणं मोठ्या प्रमाणावर समोर आलं. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर लिहिलेला निबंध १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. या विषयात तो आजही पायाभूत मानला जातो, आणि लडाखला जाणाऱ्या आपल्या पर्यटकांना त्याची गंधवार्ताही नसते याची मला खंत वाटते.

सह्याद्रीत घडलेल्या ट्रेकरनं तर जास्तच जपायला हवं. कळसूबाई १,६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण अडीच हजारांपासून सुरू होतो, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात त्याची चुणूक मिळेल अशी एकही जागा नाही. एका दिवसात दोन किल्ले करणाऱ्याचे पाय तयार असतात, छाती तयार असते, पण विरळ हवेची सवय त्यातून लागत नाही. उलट दमदार माणूस वेगानं चढतो, डोकेदुखी अंगावर काढतो आणि फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचायला लागलं तरी ‘थकवा आहे’ म्हणत राहतो. अशा वेळी खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. खिंडींच्या मुलुखात तोही सोपा नसतो. लिंगशेडसारखं गाव दोन खिंडींच्या मधे. जुन्या पायवाटेनं खाली जायचं तर आधी पुन्हा वर चढावं लागे. शिखरावरून परतणाऱ्याला हा पेच पडत नाही.

यावरून कुणी रस्त्याच्या नावानं बोटं मोडू नयेत. पेन्झी ला बर्फानं बंद झाली की झांस्कर महिनोन्‌महिने तुटायचं. अडलेली बाळंतीण, अपेंडिक्सचा रुग्ण, लेहच्या शाळेत निघालेली पोरं, सगळ्यांची भिस्त नदीच्या बर्फावर किंवा हेलिकॉप्टरवर. फुगताल नदीवर दरड कोसळून साचलेला तलाव मे २०१५ मध्ये फुटला, तेव्हा खोऱ्यातले पूल वाहून गेले आणि गावं पुन्हा एकटी पडली. बारमाही रस्ता हा तिथल्या माणसांचा हक्क आहे. आपल्याला निर्जन वाट हवी म्हणून त्यांनी तुटलेलं राहावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. चालणाऱ्यांसाठी उमासी ला आणि फिर्त्से ला या खिंडी आहेत. तिथे अजून गाडी पोचलेली नाही.

शिंकू लाखालून ४.१ किलोमीटरचा जोडबोगदा खोदला जातो आहे. २६ जुलै २०२४ रोजी त्याचा पहिला सुरुंग उडवला. तो झाला की हिवाळ्यातला बर्फ आडवा येणार नाही. पण बोगद्याची उंची आहे १५,८०० फूट, म्हणजे ४,८०० मीटरहून थोडी जास्त. खिंडीपेक्षा ती जेमतेम पावणेतीनशे मीटर कमी. मनालीहून थेट येणाऱ्याच्या रक्तातला ऑक्सिजन तिथेही घसरणारच, आणि आता तो जानेवारीतही घसरेल. त्यामुळे जिस्पा-दारच्याच्या पट्ट्यात निदान दोन रात्री काढल्याशिवाय सहलवाल्यांनी गाडी पुढे नेऊ नये, आणि बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी ऑक्सिजन, डॉक्टर आणि रुग्णवाहिका यांची सोय हवी. ही सोय बोगद्याच्या कामाबरोबरच उभी राहायला हवी, वाहतूक सुरू झाल्यावर नव्हे.