दहा दिवसांचा कागद

१९२०च्या शरदात अमेरिकेत मोटारींची मागणी कोसळली, तेव्हा जनरल मोटर्स ही एक कंपनी फक्त कागदावर होती. विल्यम ड्युरंट यांनी एकामागून एक कारखाने विकत घेतले होते आणि ब्युइक, कॅडिलॅक, शेव्हरोले, प्रत्येकाचा सवता सुभा. माल किती भरायचा याची मर्यादा घालून दिली होती. ती पाळतो कोण! गोदामं तुडुंब, तिजोरीत खडखडाट. शेअरचा भाव सावरण्यासाठी ड्युरंट यांनी स्वतःचा पैसा ओतला, त्यात बुडाले आणि वर्षअखेर पायउतार झाले.

हेन्री फोर्ड यांचा कारभार नेमका उलटा. १९१९मध्ये इतर भागधारकांना पैसे देऊन मोकळं केल्यावर जाब विचारणारं कोणी उरलंच नव्हतं. त्यांनी किमती उतरवल्या, कारखाना काही आठवडे बंद ठेवला, साठलेल्या गाड्या वितरकांच्या गळ्यात मारून रोख वसूल केली. कर्ज काढलं वितरकांनी, सुटले फोर्ड. त्या फेरीत एकहाती हुकूमच जिंकला, हे मान्य करायला हवं.

जनरल मोटर्समध्ये मग आल्फ्रेड स्लोन यांनी नवी घडी बसवली. गाडी कशी बनवायची, कशी विकायची ते विभागप्रमुखाने ठरवायचं. पैसा आणि अंदाज मुख्यालयाच्या नजरेखाली. तरीही १९२४मध्ये उत्पादन पुन्हा बेसुमार झालं. स्लोन स्वतः वितरकांकडे गेले, न खपलेल्या गाड्या पाहिल्या आणि उत्पादन कापलं. पुढे वितरकांकडून दर दहा दिवसांनी विक्रीचा आकडा येऊ लागला. कंपनीच्या रचनेच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा हा कागद मोलाचा.

फोर्डमध्ये असा कागद वर गेला, तर काय होई? फोर्डच्या मॉडेल टी गाडीचे दिवस भरल्याचं कंपनीतले अधिकारी अर्नेस्ट कान्झलर यांनी १९२६मध्ये लेखी कळवलं. काही महिन्यांतच ते कंपनीबाहेर होते.

महामंदीत, १९३२मध्ये, अमेरिकेतलं मोटार-उत्पादन १९२९च्या जेमतेम पाव हिश्श्यावर आलं. स्लोन यांनी ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि पॉन्टिॲकची विक्री एकत्र केली. म्हणजे गरज पडताच विभागांची स्वायत्तता आवरतीही घेतली. वर्षाचा नफा नगण्य, पण नफाच. फोर्डला कोट्यवधी डॉलरचा तोटा झाला.

पुढे पारडं फिरलं. २००६मध्ये ॲलन मुलाली फोर्डचे प्रमुख झाले, तेव्हा कंपनी तोट्यात असूनही साप्ताहिक बैठकीत अधिकारी ‘सारं आलबेल’ सांगणारे हिरवे तक्तेच आणत. त्यांच्यातल्या मार्क फील्ड्स यांनी अडचण सांगणारा लाल तक्ता दाखवला आणि मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी काढलेलं २३ अब्ज डॉलरहून अधिक कर्ज मंदीत कामी आलं, हेही खरं. जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. फोर्डवर ती वेळ आली नाही.