थाळीतले मीठ आणि परसातले लिंबू

रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ असे सांगणे आम्हां डॉक्टरांना सोपे असते. ते पाळण्याचे काम मात्र घरी स्वयंपाक करणाऱ्याच्या वाट्याला येते. आठ-दहा दिवस अळणी वरणभात निमूटपणे खाल्ला जातो. मग आजोबा ताट अर्धे टाकून उठू लागतात. वयपरत्वे चव आणि वास यांची जाणीव मंदावलेली असतेच, त्यात मीठ काढून घेतले की अन्नावरची वासनाच उडते. रक्तदाब उतरला, पण वजनही उतरले, हा सौदा वृद्धापकाळी परवडणारा नाही.

यावर मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय परसात उगवतो. लिंबाचा रस जिभेवर आला की लाळ सुटते आणि थोडके मीठही अधिक जाणवते. म्हणून आमटी, उसळ, पालेभाजी नेहमीच्या निम्म्या मिठात शिजवावी आणि ताटात वाढल्यावर वर लिंबू पिळावे. रस उकळत्या पातेल्यात घालू नये. उष्णतेने त्यातील ‘क’ जीवनसत्त्व घटते आणि चवही कडवट होते. मेथी वा मटकीवर पिळलेल्या लिंबामुळे त्यांतील लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर मात्र हा लाभ बराचसा वाया जातो. कोशिंबिरीत सालीचा हिरवा भाग किंचित किसून घालून पाहा. खालचा पांढरा भाग तेवढा टाळावा.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. यात पापड, फरसाण आणि लोणचेही आले. लिंबाचे लोणचे मिठावरच टिकते. किलोभर लिंबांना अनेक घरी पाव किलोच्या आसपास मीठ लागते. तेव्हा ‘लिंबू चालते, मग लोणचे का नाही?’ हा आजींचा लाडका युक्तिवाद मान्य करता येत नाही.

बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मात्र परस्पर सुरू करू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांच्या किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊन हृदयाची लय बिघडू शकते.

झाड लावायचे तर कागदी लिंबाचे लावावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई शरबती’ ही जात घरगुती बागेलाही चांगली. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन हवे. पाणी बुंध्याशी तुंबू देऊ नये, नाहीतर डिंक्या रोग होतो. त्यासाठी बुंध्याभोवती मातीची भर देऊन बाहेरच्या आळ्यात पाणी सोडावे. कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती हाताने वेचून टाकावी. स्वयंपाकात साल वापरायची असल्याने फवारणी नकोच. हे काम घरातल्या ज्येष्ठांकडे अवश्य सोपवा, पण अनवाणी नव्हे. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल, तर रुतलेला काटा कळतही नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते.

कोकणात आणि गोव्यात परसात लिंबाच्या शेजारी पपनसही असतो. गणपतीच्या माटोळीला त्याचे फळ टांगले जाते. हे फळ पाहुण्यांना निर्धास्त द्यावे, पण गोळ्या घेणाऱ्यांनी थांबावे. ग्रेपफ्रूट हा पपनसाचाच वंशज. त्याच्या रसाने रक्तदाबावरील फेलोडिपिन या औषधाची रक्तातील पातळी बेसुमार वाढते, हे 1991 साली कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले. औषधाचे विघटन करणारे आतड्यातील विकर या फळातील द्रव्यांमुळे निष्प्रभ होते. पपनसातही तीच द्रव्ये असतात. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन यांच्याबाबतही हीच सावधगिरी हवी. गोळी रात्री आणि फळ सकाळी, अशी वाटणी करून भागत नाही. परिणाम दिवसभराहूनही अधिक टिकतो. जेवणातल्या कागदी लिंबाच्या चार थेंबांनी असे सहसा घडत नाही. घरी पपनसाचे झाड असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.